मागचा जिना

"हिच्याकडे बघा. मेहनत केली, म्हणून हिच्याकडे विम्याचं कार्ड आहे. तुम्ही नुसत्या रडत बसा."

असं म्हणत सुपरवायझरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. समोर माझी मोठी जाऊ, मंदाताई, माझ्या ओढणीत हात गुंडाळून उभी. डब्यांची झाकणं कापायची प्रेस तिच्या दोन बोटांवर आली होती. तिने एवढंच विचारलं होतं, "साहेब, मला विम्याच्या दवाखान्यात नेनार का?" त्यावर हे उत्तर. आणि दाखला माझा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण माझी मेहनत मला ठाऊक आहे. गोखिवऱ्याच्या या गाळ्यात, म्हणजे या छोट्या कारखान्यात, मला लावलं ताईनेच. चांदीप गावाहून दोघी एकाच रिक्षाने यायचो, एकाच टेबलावर काम. दोघी ठेकेदाराच्या, कंपनीच्या रजिस्टरात नाव नाही. तपासणीला सरकारी साहेब आले की ठेकेदार आम्हा बायकांना मागच्या जिन्याने गच्चीवर पिटाळायचा. चपला हातात घेऊन. वर उन्हात तोंडावर पदर दाबून आम्ही खिदळायचो. लाज नाही वाटली कधी. सुट्टीच वाटायची ती.

एकदा माझं पोट बिघडलं होतं. सगळ्या वर गेल्या, मी संडासात. बाहेर आले तर समोर साहेब. नाव विचारलं. मालक घाईने पुढे झाला, "ही आमचीच, पर्मनंट आहे." मग ते त्याला खरं करावं लागलं. मला कार्ड मिळालं. माझ्या पोराचा टायफॉइड त्या कार्डावर बरा झाला. ताई माझ्या कितीतरी आधीपासून कामाला, पण ती तेव्हा गच्चीवर होती. तिचं पोट ठीक होतं, एवढाच तिचा गुन्हा.

आणि मी घरीदारी सांगत फिरले, मन लावून काम केलं की मिळतं. ताईच्या तोंडावर सुद्धा. शी.

जवळच्या दवाखान्यात जाताना सुपरवायझर रिक्षात पुढे बसला. मान न वळवता म्हणाला, "घरी विळीवर कापलं म्हणून सांगायचं. तू सांग, तू कंपनीची आहेस." मशीनवर म्हटलं तर गाळ्याची चौकशी. घरी म्हटलं तर ताईचं ताईने बघायचं.

ताई माझ्या कानाशी आली. "तसंच सांग गं. तुझं कार्ड जाईल."

बोटं तिची, आणि काळजी माझ्या कार्डाची. मला तिच्याकडे बघवेना.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशाने झालं?"

"गाळ्यातल्या प्रेसवर," मी म्हटलं. "तसंच लिहा. मी शेजारी होते."

सुपरवायझर म्हणाला, "तुला बघतो."

अजून बघतोच आहे. मी पर्मनंट, लगेच काढता येत नाही. हेही पुन्हा माझंच नशीब. ताईचं एक बोट वाचलं, एक गेलं. ती डाव्या हाताने भाकरी थापते आणि मला वाढते.

आता पुन्हा तपासणी आहे. गाळ्यात कुजबूज सुरू झाली आहे. त्या दिवशी मी मागच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसणार. बायकांना सांगून ठेवलं आहे, चपला पायातच ठेवा, कुणी वर जायचं नाही. ठेकेदाराला त्यांना वर न्यायचंच असेल, तर त्याने आधी मला तिथून उचलून दाखवावं.