हिरवळीवरचा बर्फ आणि काकूचा घास

काका फोनवर म्हणाले, "अगं, फ्लश केलं की पाणी उलटं वर येतंय." त्याच शनिवारी त्यांच्याकडे जायला मी लंडनमधल्या स्टॅनमोरहून गाडी काढली. हिवाळ्यात स्कॉटलंडच्या हायलँड्सला जाणार असाल तर एका दमात जाऊ नका. मी वाटेत पर्थला मुक्काम केला. पुढे ए-नाइन महामार्गावर पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरून घ्या आणि पराठे सोबत ठेवा, कारण बरेच कॅफे बंद असतात. गोठलेली तळी सुंदरच होती, पण माझं लक्ष काकांशी होणाऱ्या भांडणाकडे होतं. काकू गेल्यापासून मी काकांना लंडनला बोलावत होते. तीस वर्षं तिथल्या एका गावात डॉक्टरकी केलेला हट्टी माणूस! "हे घर सोडणार नाही," एवढंच म्हणायचे.

तिथे कौन्सिलची गटारं नाहीत, घरोघरी सेप्टिक टँक. टाकीतलं पाणी मागच्या हिरवळीखालच्या पाइपांतून जमिनीत मुरतं. अशा कॉटेजमध्ये उतरलात तर तेल आणि वाइप्स आत टाकू नका.

सोमवारी टाकीवाला ईयन आला. त्याने जमिनीत पहार मारून बघितली, ती टणकन उडाली.

"घरात माणसं किती?"

"आता एक," काका म्हणाले.

"म्हणजे गरम पाणी कमी जातं. थंडीत टाकीतले मैला कुजवणारे जंतूही मंदावतात. तरी निभावलं असतं. बर्फाचं पांघरूण असलं की जमीन एवढी गोठत नाही. इथला बर्फ रोज कोण काढतं?"

हिरवळीच्या मधोमध, बरोबर पाइपांच्या वर, लख्ख झाडलेला चौकोन होता. त्यात भाताची चार शितं.

मीच काकांना फोनवर सांगितलं होतं, "काकूच्या नावाने रोज कावळ्याला घास ठेवा. बर्फ झाडून ठेवा हं, त्याला दिसायला हवा."

"मीच काढतो. पक्ष्यांसाठी," काका ईयनला म्हणाले.

पाइप खालपर्यंत गोठले होते. थंडी सरेपर्यंत घर बंद ठेवा, मग बहुतेक सगळं खणून नवीन घालावं लागेल, असं सांगून ईयन गेला. काकांनी बॅग भरली. मला हवं होतं तेच झालं, आणि मला रडू आवरेना.

गाडीत मी म्हणाले, "काका, चूक माझी."

"तुझी कसली? रोज सकाळी कावळा यायचा गं. तेवढंच काम उरलं होतं मला."

आता ते आमच्या कुंपणावर घास ठेवतात. काल त्यांनी विचारलं, "तिकडे बर्फ पडला का गं?"

मी फोनवर तिकडचं हवामान बघितलं. "खूप पडलाय, काका."

"बरं झालं," ते म्हणाले. "आता काढायला कुणी नाही."