हौदातला बिल्ला

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज एका तालमीवरून जाताना ताक-हळद घातलेल्या तांबड्या मातीचा वास आला आणि मी रस्ता ओलांडून पलीकडं गेलो.

देश स्वतंत्र झाला, तरी गोऱ्यांनी कोल्हापूर आणखी सात वर्षं सोडलं नव्हतं. मी शाळामास्तर, आणि गुपचूप त्यांचा खबऱ्या. कचेरीत शिरायला दिलेला पितळी बिल्ला कायम खिशात असे. ज्या दुपारी त्यांचा अंमल कोसळला, त्या दुपारी साहेब जयसिंगपूरकडे पळाले आणि जमाव दिसेल त्याचे खिसे तपासत सुटला. मी आमच्या गल्लीतल्या तालमीत घुसलो.

"मास्तर, थरथरताय काय? बसा की हितं," दत्तूवस्ताद म्हणाले आणि दार लावायला गेले. तेवढ्यात मी बिल्ला कुस्तीच्या हौदातल्या मातीत पुरला. कुस्तीआधी ती माती रोज खोऱ्यानं उकरतात, हे भीतीनं सुचलंच नाही.

सकाळी बिल्ला वर आला. गल्ली जमली. "वस्ताद, तुमी खबरी व्हय?"

वस्ताद माझ्याकडं वळले. "मास्तर, तुमी तरी सांगा की. मी तसला हाय का?"

मी शाळेची वेळ झाली म्हणून गर्दीतून निघून गेलो. त्या हौदात पुन्हा कुणी उतरलं नाही.

वस्ताद आता नाहीत. बिल्ला माझा होता, हे त्यांच्या लेकीला गल्लीदेखत सांगायचं देणं मी लागतो.