नादारीचा अर्ज आणि भरल्या घागरी

वकिलाच्या शेजारी राहिलं की किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादहून एक वकीलसाहेब आमच्याकडं आले आणि आमच्याच घराची पुढची खोली त्यांनी ऑफिसला भाड्यानं घेतली. मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचलेलीच नव्हती, वर हातभर फट! दुष्काळाची सालं ती. टँकर कधी येईल याचा भरवसा नसायचा, फटीतून मात्र रोज काहीतरी यायचंच. माझं शिक्षण सातवी, पण कायदा ऐकून ऐकून पाठ! आमचे हे म्हणायचे, "तुला आता काळा कोट तेवढा शिवायचा राहिलाय!"

*

औशाच्या रस्त्यावरच्या, लातूरला पायी येण्याजोग्या गावचे एक आजोबा यायचे. पूर्वी त्यांच्या तारखा उस्मानाबादला पडायच्या, आता लातुरात. तरी तोंड पाडून बसलेले.

वकीलसाहेब म्हणाले, "आजोबा, जिल्हा जवळ आला की! मग झालं काय?"

"तेच अवघड झालंय, साहेब. पहिलं तारीख चुकली की सांगत होतो, एस्टी चुकली. आता काय सांगू, चप्पल चुकली?"

*

दोन सख्खे भाऊ विहिरीची वाटणी करायला आले. विहीर ठणठणीत कोरडी!

"अहो, थेंब नाही तिच्यात. वाटता काय?" वकीलसाहेबांनी विचारलं.

थोरला म्हणाला, "साहेब, कोरडी हाय तवरच वाटून द्या. आज ह्यो माजा भाऊ हाय. पानी लागलं की प्रतिवादी!"

धाकट्यानं मान डोलावली. त्या दोघांचं एकमत झालेलं तेवढंच मी ऐकलं.

*

एकदा एक बाई मृत्युपत्र करायला आल्या. वकीलसाहेबांनी समजावलं की दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना इस्टेटीतलं काही मिळणार नाही असेच पाहिजेत. एक त्यांचा कारकून होता. दुसरा आणायचा कुठून?

मी भाकरी थापता थापता हात थांबवून ऐकत होते. तेवढ्यात फटीकडं बघून वकीलसाहेब ओरडले, "वहिनी, सगळं ऐकलंच आहे तुम्ही. आता या आणि सही करा!"

पिठाचे हात धुऊन गेले बाई!

*

आता महादप्पांचं सांगते. आमच्या समोरच्या घरात राहायचे, पुढं भांड्यांचं दुकान, मागं संसार. दुष्काळात सगळ्यांचे धंदे बसले, ह्यांचा चालला! पाणी साठवायला जो तो घागर, हंडा, बादली नेऊ लागला. फक्त सगळी उधारीवर. "पाऊस पडला की देतो," म्हणायचे लोक. पाऊस काही पडेना. आणि नांदेडच्या ज्या ठोक व्यापाऱ्याकडून माल आणला होता, त्यानं कोर्टातून वसुलीचा हुकूमनामा मिळवला.

वकीलसाहेब म्हणाले, "नादारीचा अर्ज करू. कर्ज फेडायला काही उरलं नाही, असं कोर्टापुढं मांडायचं. मग एकट्यादुकट्याला माल ओढून नेता येत नाही. सगळ्या घेणेकऱ्यांचे हप्ते बांधून घेता येतील, दुकानही चालू राहील. बोला, मालमत्ता काय काय?"

महादप्पांनी गळ्यातली चांदीची डबी पुढं केली. त्यात त्यांचं पूजेचं लिंग. "ही डबी हाय साहेब. पर आतला महादेव कुटं लिवायचा?"

त्यांच्या गंगाबाई फटकन म्हणाल्या, "आपलं येणं बाकी हाय त्येंच्यात लिवा! तीस वर्सं बेल वाहतायत, परत काय आलं न्हाई!"

*

मग येणं कुणाकुणाकडं आहे त्याची यादी सुरू झाली. ती कोर्टात जाणार, नावानिशी! महादप्पा वहीतून वाचताहेत, वकीलसाहेब लिहिताहेत. शिंपी, दोन बादल्या. मास्तर, एक हंडा. मी इकडं एकेक नाव मनात जपून ठेवतेय.

मधेच महादप्पा थांबले. वकीलसाहेब म्हणाले, "हं, पुढं?"

"लिवा की साहेब. वकील, एक हंडा, दोन घागरी."

पलीकडं वकीलसाहेबांना ठसका लागला! मला हसू आवरेना. तोच महादप्पांचा आवाज आला, "आन् भितीपलीकडच्या अक्का, तीन घागरी."

माझी तव्यावरची भाकरी करपली.

*

यादीचं मी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त टँकरच्या रांगेत बोलले.

अर्जावर हुकूम व्हायच्या आदल्याच दिवशी दुपारी नांदेडवाल्याच्या हुकूमनाम्यावर कोर्टाचा बेलीफ जप्तीला आला. आज माल उचलला गेला तर दुकानाला कुलूप लागणार, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. बेलीफ दुकानात शिरला तर फळ्या रिकाम्या. मागं अंगणात गेला आणि थबकला. पैसे देणं कुणाला जमेना, पण कोर्टात नाव नको, म्हणून सकाळपासून गल्लीनं भांडी परत आणून ठेवली होती. आता कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये ही आपली रीत. घागरभर ज्वारी कोण घालणार? टँकर आला होता, पाणी घातलं.

"हे काय हाय?"

महादप्पा म्हणाले, "भांडी हायत."

"रिकामी करा. जप्त करायचीत."

गंगाबाईंनी शांतपणे विचारलं, "कशात?"

बेलीफानं इकडंतिकडं बघितलं. सांडा म्हणायची त्या सालात कुणाची छाती नव्हती. "ड्रम आणतो," म्हणून सायकल काढून गेला. त्या उन्हाळ्यात लातुरात रिकामा ड्रम! अख्खी दुपार हिंडून हात हलवत परत आला, तेव्हा ऊन पत्र्यावरून उतरलं होतं.

वकीलसाहेब पायरीवर उभेच होते. "बेलीफसाहेब, दिवस मावळला. आता घरात शिरून जप्ती करता येत नाही, कायदा आहे."

बेलीफ मटकन ओट्यावर बसला. गंगाबाईंनी तांब्या दिला, तो घटाघटा प्याला. मग त्या भरल्या घागरींकडं बघत हळूच म्हणाला, "वैनी, आमच्या गल्लीत चार रोज झाले, टँकर न्हाई. एक घागर नेऊ का? भांडं आणून देतो."

महादप्पा उठले. कोनाड्यातली उधारीची वही काढली, चष्मा लावला, बोटाला थुंकी लावून कोरं पान उघडलं आणि म्हणाले,

"नाव सांगा, साहेब."