एका त्रिकोणात तीन काटकोन

भूमितीच्या सरांनी मला फसवलं आणि मी माझ्या कारागिराला चोर ठरवलं.

लकडगंजात माझं ताडपत्रीचं दुकान आहे. आठवीत शाळा सुटली. ट्रकची झाकणं शिवत धंदा उभा केला. गेल्या वर्षी गळक्या घुमटाला झाकण घालायचं काम घासाघीस करून मिळवलं. घुमट अर्ध्या चेंडूसारखा. मी स्वतः वर चढलो, शेंड्यापासून चार सारखे भाग पाडले, एका भागाच्या तिन्ही कडा टेपने मोजल्या. तिन्ही सारख्या. आमच्या धंद्यात तीन कडा मिळाल्या की त्रिकोण पक्का. माप कारागिराला दिलं. वीस वर्षं तोच माझ्याकडे कापत होता.

चारही तुकडे घुमटावर टाकले. टोकं जुळली, पण मधे हात हात फटी.

"कापड कुठं गेलं?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"माप तुमचंच होतं मालक. मी काहून खाऊ कापड?"

"मग काय घुमट फुगला?"

त्याने कात्री माझ्या हातात दिली आणि कन्हानला घरी निघून गेला.

दोन दिवसांनी मी काटकोन तपासायचा गुण्या घेऊन पुन्हा वर चढलो. त्रिकोणाच्या पहिल्या कोपऱ्यात गुण्या चपखल बसला. दुसऱ्यात बसला. तिसऱ्यातही बसला. सरांनी तर छडी मारून पाठ करून घेतलं होतं, तिन्ही कोन मिळून दोनच काटकोन.

मुलगी भौतिकशास्त्र शिकते. ती म्हणाली, "तो नियम सपाट जागेचा, बाबा. गोलाईवर कोन वाढतात, कापडही मधे जास्त लागतं. सूर्याजवळ तर अवकाशच वाकलेलं असतं."

"अन् हे कधी शिकवतात?"

"कॉलेजात."

सर सक्करदऱ्याला राहतात. मी जाऊन विचारलं, "सपाट हा शब्द काहून नाही सांगितला, सर?"

"फळा काय गोल होता का गा?" सर हसले. मग म्हणाले, "आन् चोर मी म्हटलं का त्याले?"

ते मीच म्हटलं. त्याची माफी मागायला दोनदा कन्हानला गेलो. त्याने दार उघडलं नाही. आता कुणाशी भांडायचंही बळ माझ्यात उरलेलं नाही. पण सर, तो शब्द तुम्ही गाळलात. रविवारी माझ्यासोबत चला. त्याच्या दारात उभे राहा आणि सांगा, माप चुकीचं का होतं.