मोटारीचं मेण

नातू अंगणात गाडी धुऊन तिला मेण घासत बसलाय. त्या वासानं मी थेट अंबाजोगाईच्या आमच्या घरी पोचले. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि माझ्या वकील वडिलांनी एक जुनी मोटार घेतली होती.

पौषातली थंडी होती. थोरल्या बहिणीला बघायला आलेल्या बायकांना संध्याकाळी मोटारीतून देवीच्या दर्शनाला न्यायचं ठरलं होतं. म्हणून ड्रायव्हर रहीमचाचांनी सकाळीच बंबातलं कढत पाणी घेऊन रिठ्याच्या फेसानं मोटार धुतली. मग जवसाच्या तेलात मेण वितळवून ती चोळायला घेतली. एक बाजू आरशासारखी झाली. दुपारी चाचा नमाजाला गेले आणि परत येऊन बघतात तर मेणाची वाटी जागेवर नाही.

ओसरीवर आई टाचांना मेण चोळत होती. शेजारच्या दोघीही पाय पसरून बसल्या होत्या.

“बाईसाब, ते मोटारीचं हाय,” चाचा म्हणाले.

“मोटारीला कुठं भेगा पडल्यात? आमाला लई पडल्यात,” आई म्हणाली.

चाचा पोट धरून हसले. संध्याकाळी त्यांनी चकचकीत बाजू पाहुण्यांकडे करून मोटार उभी केली. वडिलांना काही कळलं नाही.

मीही तेव्हा नुसती हसले होते. आता थंडीत माझ्याच टाचा उलतात, तेव्हा आई दिसते. चारचौघांत लुगडं ओढून टाचा झाकणारी आई त्या दिवशी लुगडं जरा वर धरून, सावकाश, मोटारीच्या पलीकडच्या बाजूनं चढली. त्या बाजूला फक्त तिच्या टाचा चमकत होत्या.