गणपा लोहाराची ऐरण

हे आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि ती तर माझ्या पोटातलं तोंडावरून ओळखायची! एवढंच कसं ओळखलं नाही तिनं? की ओळखून गप्प राहिली? आता विचारायला ती नाही. तुम्ही आहात, तर ऐका.

मी नेरे गावचा. पंचवार्षिक योजनांचे दिवस होते. गावात मॅट्रिक झालेला मी एकटा, चिंचवडच्या बाजूला एका लहानशा कारखान्यात कारकून. जुनं लोखंड वितळवून सळया काढायचे तिथं. रविवारी देवळाच्या पारावर बसलो की माझं तोंड सुटायचं — देशात मोठमोठ्या भट्ट्या पेटतायत, पोलाद वाढलं की पूल, यंत्रं, घरोघर लोखंडी नांगर! म्हातारे चेष्टा करायचे, "लेका, तुझं पोलाद पेरायचं का चिखलात लावायचं, ते सांग की." सगळे हसायचे. मी मनातल्या मनात त्यांना अडाणी म्हणायचो.

आणि खरं काय होतं? कारखान्याला लोखंडच मिळत नव्हतं. सगळं परमिटवर. भट्टी थंड, माणसं घरी बसवायला सुरुवात झालेली, आणि सगळ्यांत नवा मी. मालक म्हणाले, जो भंगार आणून देईल तो राहील. नोकरी गेली असती तर त्या पारावर मी कुठल्या तोंडानं बसलो असतो?

गणपा लोहार आमच्या गावचा बलुतेदार. विळे, कोयते, नांगराचे फाळ, सगळं त्याच्या ऐरणीवर. दसरा नुकताच झालेला, भातकापणी तोंडावर, आणि बहीण आजारी पडली म्हणून तो घाईनं तिच्या गावी गेला. ऐरण छपराखाली उघडीच. ऐरण कोण चोरतं हो? खंडेनवमीला गाव तिला हळदकुंकू वाहतं. चुकून पाय लागला तर आपण हात जोडतो.

मी नेली. भर दुपारी, माणसं रानात असताना, बैलगाडीत पेंढ्याखाली घालून. उचलताना तिचं कुंकू माझ्या सदऱ्याला लागलं. देशाला लोखंड हवंय, असं वाटभर स्वतःला बजावत गेलो. ती भट्टीत गेली आणि माझी नोकरी राहिली.

पण — एवढंच असतं तर कधीच सांगून मोकळा झालो असतो.

गणपा परतला. ऐरणीच्या रिकाम्या जागेपुढं नुसता बसून राहिला. कापणी अडली, गाव पेटलं. ओढ्यापलीकडं घिसाड्यांचं पाल पडलेलं होतं — गाढवावर बिऱ्हाड घालून गावोगाव लोहारकाम करत हिंडणारी माणसं ती. नवरा, बायको, एक तान्हं पोर. दरसाल यायची. गाव काठ्या घेऊन तिकडं निघालं. मीही निघालो. मागं राहिलो असतो तर दिसलं नसतं का?

पालात एक लहानशी ऐरण निघाली. गणपानं ती हात लावून पाहिली. "ही न्हाई माझी. सोडा त्यास्नी."

लोक थबकले. अहो, खरंच थबकले होते — परत फिरले असते! तेवढ्यात ती बाई माझ्याकडं वळली. इस्त्रीचा सदरा माझ्याच अंगात होता ना. म्हणाली, "दादा, तुमी शिकल्यालं दिसता. तुमी तरी सांगा यास्नी."

आणि मी सांगितलं. "मोठी ऐरण यांनी विकली असंल. लोहाराशिवाय ऐरण कुणाच्या कामाची?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. मी तर बोंबललोही नाही. शांतपणे बोललो, शिकलेल्या माणसासारखा, म्हणून तर सगळ्यांना पटलं. काठ्या चालल्या. त्या माणसाचा उजवा हात मोडला, घण धरायचा. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. बाई माझ्याकडं बघत होती, पण आता काही विचारत नव्हती.

संध्याकाळी पाल उठलं. पुन्हा कधी पडलं नाही. त्यांची ऐरण गावानं गणपाला देऊ केली. त्यानं तिच्यावर एक घाव घातला नाही. पुढं तो बिऱ्हाड घेऊन मजुरीला निघून गेला. एका हाताचा घिसाडी आपल्या पोराला काय खाऊ घालत असेल, हे मला कित्येकदा जेवताना आठवलं. तरी जेवलो.

देशात पोलाद वाढलं. कारखाने आले, लोखंडी नांगर आले, सगळं मी म्हणालो होतो तसं झालं. मी हेडक्लार्क म्हणून रिटायर होऊन घरी आलो.

भीतीपोटी बोललो, असं वाटलं असेल तुम्हाला. मलाही तसं म्हणता आलं असतं. पण त्या दिवशी ओढ्याकाठी माझा शब्द चालला होता. गावानं माझं म्हणणं ऐकलं, ते पहिल्यांदाच. आणि मला — बरं वाटलं होतं.