मी काय खाते?

नाचणीची भाकरी आचेवर टम्म फुगली आणि तिचा खरपूस वास सुटला, की मला कामोठ्याचा तो दवाखाना आठवतो. पाळी जायचे दिवस होते, अंगाची नुसती लाही व्हायची, रात्री दोनदा गाऊन बदलावा लागायचा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभरात काय खाता?" मी सांगायला लागले, सकाळी पोहे, डब्याला पोळी-भाजी, संध्याकाळी काहीतरी चमचमीत... "अहो, हे तुम्ही करता. तुम्ही खाता काय?" मग मी आठवून आठवून सांगितलं. पाच-सहा कप चहा, आणि सगळ्यांचं झालं की साडेदहाला ओट्यापाशी उभ्यानेच उरलासुरला तिखट रस्सा. बाई म्हणाल्या, चहा-तिखट कमी करा, नाचणी, तीळ, डाळी खा, आणि लवकर जेवा. दुसऱ्या दिवशी साडेसातला मी स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि टेबलाशी बसले. गरम भाकरी, मुगाची आमटी, तिळाची चटणी. तेवढ्यात हे ऐरोलीच्या ऑफिसातून आले आणि दारातच थबकले. "काय गं, बरं वाटत नाहीये का तुला?" महिनोन् महिने मी ह्यांच्या शेजारी घामाने निथळत होते, तेव्हा हे विचारावंसं वाटलं नाही, बायको आधी जेवायला बसलेली दिसली आणि लगेच काळजी! "आजच जरा बरं वाटतंय," मी म्हटलं, "तुमचं पातेल्यात आहे, घ्या वाढून." आणि उठले नाही. आता घाम बराच कमी झालाय. पण ह्यांचा तो दारातला प्रश्न आठवला की कानशिलं अजून तापतात, आणि त्यावर मला कुठलंही पथ्य नकोय.